सोनोग्राफी नॉर्मल, तरीही जाळीचा त्रास

प्रश्न : माझे वय ५७ असून खानापूर तालुक्यात आमची भातशेती आहे. खोकताना, ओझे उचलताना लघवी सुटते म्हणून काही वर्षांपूर्वी बेळगावात ऑपरेशन करून जाळीची पट्टी बसवली. सुटणे थांबले; मात्र आता लघवी अडखळत होते, जळजळते आणि रोपलावणीला वाकले की जांघेत कळ येते. पोटाची सोनोग्राफी व एक्स-रे नॉर्मल आहेत. मग त्रास कशाचा?

उत्तर : ह्या दोन तपासण्यांवरून जाळी ठीक आहे असे म्हणता येत नाही. ही पट्टी पॉलिप्रोपिलीनच्या धाग्यांची असते. एक्स-रेत ती दिसत नाही आणि सीटी स्कॅनमध्येही नीट ओळखू येत नाही. सोनोग्राफीत मात्र ती ठळक पांढरी उमटते, पण त्यासाठी प्रोब पोटावर नव्हे, तर बाहेरून योनिमुखाशी टेकवावा लागतो. आत काही घालावे लागत नाही, त्यामुळे संकोच बाळगू नये. तपासताना खोकायला व कुंथायला सांगतात. तेव्हा पट्टी मूत्रमार्गाला किती दाबते, ती दुमडली वा सरकली आहे का, मूत्रमार्गाच्या भिंतीत रुतली आहे का, हे पडद्यावर पाहता येते. लघवीनंतर मूत्राशयात किती लघवी उरते तेही मोजून घ्यावे; आपल्या तक्रारीत ते फार महत्त्वाचे आहे.

जांघेकडे गेलेली पट्टीची टोके मात्र ह्यात सहसा दिसत नाहीत. जाळी योनिमार्गात उघडी पडली असल्यास प्रत्यक्ष तपासणीत कळते, मूत्राशयात शिरल्याची शंका असल्यास दुर्बिणीतून पाहावे लागते. त्याआधी लघवीची तपासणी व कल्चर (लघवीतले जंतू वाढवून ओळखण्याची तपासणी) करावे, कारण जळजळ साध्या जंतुसंसर्गानेही होते.

चिठ्ठीवर डॉक्टरांकडून ‘ट्रान्सपेरिनियल सोनोग्राफी, जाळी पाहण्यासाठी’ असे स्पष्ट लिहून घ्यावे, नाहीतर पुन्हा पोटच तपासले जाईल. सोबत ऑपरेशनची नोंद आणि त्यावर जाळीचे स्टिकर असल्यास तेही न्यावे. नुसत्या डिस्चार्ज कार्डावरून कोणती पट्टी कोणत्या मार्गाने बसवली हे बहुधा कळत नाही.

अमेरिकेत २०१९ मध्ये जाळीवर बंदी आल्याचे मोबाइलवर फिरते. तो आदेश अंग बाहेर येण्याच्या त्रासावर योनिमार्गातून बसवायच्या जाळ्यांच्या विक्रीबद्दल होता, आपल्यासारख्या पट्टीबद्दल नव्हे. पट्टीत मांस वाढलेले असल्याने ती काढणे किचकट असते. तो निर्णय ह्या कामाचा अनुभव असलेल्या शल्यचिकित्सकाकडेच घ्यावा. लघवी पूर्ण अडली, थंडी-ताप आला किंवा लघवीतून रक्त गेले, तर मात्र त्याच दिवशी दवाखाना गाठावा.