विमानाने गोल्फचा संच आणि सूटकेस नेताना मोडतोड होऊ नये म्हणून काय करावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : पहिल्यांदाच गोल्फचा संच विमानाने न्यायचाय, ड्रायव्हर (संचातला सगळ्यांत लांब क्लब, म्हणजे गोल्फची काठी) नवा कोरा आहे, मित्र त्याचं मऊ ट्रॅव्हल कव्हर (अख्खी गोल्फ बॅग आत मावणारी पिशवी) द्यायला तयार आहे, पण बाकीचे सगळे ‘हार्ड केसच घे’ म्हणतायत. शिवाय सोबतच्या सूटकेसचं काय, हेही विचारलंय.

हार्ड की सॉफ्ट या वादात पडण्याआधी क्लब नेमका मोडतो कुठे ते बघा. मी हे पैसे घालवून शिकलोय. जाड अस्तराच्या कव्हरमध्ये संच घातला, वरच्या बाजूला दोन टॉवेल कोंबले आणि निर्धास्त निघालो. उतरल्यावर पिशवी बाहेरून अगदी धडधाकट होती, म्हणून उघडून बघितलीसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी कोर्सवर चेन उघडली, ड्रायव्हर ओढला, तर हेड (चेंडूला लागणारं टोक) कव्हरसकट हातात आणि शाफ्ट (क्लबची लांब नळी) पिशवीतच. ट्रॅव्हल कव्हरवर साधा ओरखडाही नव्हता.

मग डोक्यात प्रकाश पडला. बॅगेत सगळ्या क्लबांची हेड वरच्या टोकाला असतात आणि ड्रायव्हर सगळ्यांत लांब, साधारण ४५ इंच. पिशवी त्या टोकावर आपटली की सगळा मार पहिल्यांदा ड्रायव्हरच खातो. पिशवी आडवी असताना वर दुसऱ्याची जड बॅग पडली, तर बॅगेच्या काठाबाहेर आलेला भाग तरफेसारखा वाकतो आणि शाफ्ट जिथे हेडमध्ये शिरतो तिथे, म्हणजे मानेशीच कडकन तुटतो. ग्रॅफाइटचा शाफ्ट ही पातळ भिंतीची नळी. स्विंगमधलं वाकणं तिला चालतं, चेपलं जाणं मात्र अजिबात सोसत नाही. टॉवेलांनी ओरखडे वाचतात, हा मार वाचत नाही.

त्यामुळे पहिली खरेदी दांड्याची करा. ‘स्टिफ आर्म’ नावाने मिळतो : लांबी कमीजास्त करता येणारी नळी, वरच्या टोकाला छत्रीच्या मुठीसारखा रुंद भाग. बॅगेत मधोमध उभा ठेवायचा आणि सगळ्यांत लांब क्लबच्या दोन-तीन इंच वर येईल असा पक्का करायचा. आता पिशवी हेडच्या टोकावर पडली तर आधी दांडा टेकतो आणि भार बॅगेच्या तळाकडे जातो. एवढ्याशा वस्तूने जेवढं काम होतं तेवढं महागड्या अस्तराने होत नाही.

दुसरं, ड्रायव्हरचं हेड काढता येत असेल तर काढाच. हल्लीच्या बहुतेक ड्रायव्हरना तळाशी एक स्क्रू असतो, सोबत मिळालेल्या पान्याने तो सुटतो. हेड मोज्यात गुंडाळून सूटकेसच्या मध्यभागी कपड्यांत ठेवा. शाफ्ट बॅगेत उलटा, म्हणजे जोडाचं टोक खाली करून. पाना चेक-इन सामानातच टाका, हातातल्या बॅगेत राहिला तर सुरक्षा तपासणीत हुज्जत घालत बसाल. (पाना घरी विसरून कोर्सवर पोचणारेही असतात. त्यांच्यात माझीही गणना आहे.) फेअरवे वुड आणि हायब्रिड या दुसऱ्या लांब क्लबांची हेड काढता येत असतील तर त्यांचंही तेच.

उरलेल्या क्लबांची हेड एकमेकांवर आपटू नयेत म्हणून त्यांच्यामधून टॉवेल नागमोडी फिरवा आणि मग सगळा जुडगा वरून एका पट्ट्याने बांधा. आयर्नची (धातूच्या पात्यासारख्या हेडच्या क्लबांची) हेड शेजारच्या ग्रॅफाइट शाफ्टवर घासत राहिली तर दिसायला बारीक, पण वाईट जागी खाच पडते. बॅगेचा स्वतःचा पावसाळी टोप वर चढवा. स्टँड बॅग असेल तर तिचे पाय पट्ट्याने घट्ट आवळा, खांद्याचा पट्टा काढून आत टाका. लोंबणारी प्रत्येक गोष्ट विमानतळावरच्या सामानाच्या सरकत्या पट्ट्याच्या यंत्रात अडकते, हे सूटकेसलाही लागू आहे.

आता हार्ड केस. चेपण्यापासून ती नक्कीच जास्त वाचवते. पण बरेचदा ती रिकामीच पाच-सहा किलोंची भरते, उतरल्यावर गाडीच्या डिकीत मावत नाही आणि हॉटेलच्या खोलीत पाहुण्यासारखी मधोमध बसून राहते. इकॉनॉमीत बरेच ठिकाणी एका नगाला २३ किलोंची मर्यादा असते आणि ३२ किलोंच्या वरचा एकच नग बहुतेक कंपन्या पैसे देऊनही घेत नाहीत. मोकळ्या केसमध्ये आत संच खुळखुळत असेल तर ती असूनही क्लबची मान मोडू शकते, हे कोणी सांगत नाही. माझ्या मते वर्षातून एक-दोनदा जाणाऱ्याला चांगलं मऊ कव्हर आणि दांडा पुरे. दर महिन्याला, तेही दोन-दोन विमानं बदलून जात असाल तर हार्ड केस घ्या.

फक्त एक अडचण आहे, आणि ती तिकीट काढण्याआधी बघायची. कित्येक विमान कंपन्यांच्या शर्तींत लिहिलेलं असतं की क्लब हार्ड केसमध्ये नसतील तर मोडल्यास आम्ही जबाबदार नाही. काउंटरवर कधी कधी तशा अर्थाच्या टॅगवर सही घेतात. मऊ कव्हर वापरायचंच असेल तर भरपाईची भिस्त कंपनीवर न ठेवता प्रवास विम्यावर ठेवा. विमा घेताना खेळाचं साहित्य त्यात धरलंय का आणि एका वस्तूची कमाल रक्कम किती, या दोन ओळी शोधा. एकूण रक्कम मोठी आणि एका वस्तूची मर्यादा चिमूटभर, असं सर्रास असतं.

वजनाबद्दल : नियमाने १४ क्लब ही कमाल संख्या आहे, किमान नव्हे. मी हल्ली प्रवासात दहाच नेतो आणि स्कोअर जेवढा वाईट यायचा तेवढाच येतो. चेंडू मात्र हलके समजू नका. एक चेंडू नियमाप्रमाणे जास्तीत जास्त ४५.९३ ग्रॅमचा, म्हणजे डझनभर घेतले की अर्धा किलो गेला. बॅगेचे खिसे घरी उलटे करून बघा, जुने चेंडू, अर्धी बाटली पाणी, काय वाटेल ते निघतं. रेंजफाइंडरच्या (अंतर मोजायच्या यंत्राच्या) सुट्या बॅटऱ्या आणि पॉवर बँक केबिनमध्ये न्यायच्या, चेक-इनमध्ये चालत नाहीत.

विमानतळावर लांब पिशवी नेहमीच्या पट्ट्यावर ढकलू नका. ‘ओव्हरसाइज’ सामानाची खिडकी कुठे आहे ते विचारा आणि तिथे आडवी ठेवून द्या. चाकांवर उभी ठेवली की घरंगळते नाहीतर कोसळते. उतरल्यावरही ती बरेचदा फिरत्या पट्ट्यावर येत नाही, वेगळ्या दाराने येते, त्यामुळे पट्ट्यापाशी अर्धा तास उभं राहून घाबरू नका. विमान बदलायचं असेल तर मधला वेळ सढळ ठेवा. घाईत मागे राहणाऱ्या सामानात लांब पिशव्या असतातच. एखादा ट्रॅकर आत टाकला तर निदान संच कुठल्या शहरात आहे ते कळतं.

सूटकेसचं थोडक्यात सांगतो. कडक कवचाची घेणार असाल तर एबीएस प्लॅस्टिकपेक्षा पॉलिकार्बोनेट बरं, ते दबलं तरी पुन्हा वर येतं, एबीएसला तडा जातो. अर्धवट रिकामी सूटकेस कोपऱ्यात चेपते आणि ठासून भरलेलीची चेन फाटते, तेव्हा बेताची भरा. मागच्या प्रवासाचे टॅग आणि चिकटलेले बारकोड काढून टाका, नाहीतर सामान भलत्याच गावाला जाण्याची वाट मोकळी होते. प्लॅस्टिक गुंडाळल्याने ओरखडे आणि परक्याचा हात टळतो, आदळआपट नाही. ‘फ्रॅजाइल’च्या स्टिकरचा मला तरी उपयोग दिसलेला नाही, सामान चढवणाऱ्याला तो वाचायला वेळ असतो कुठे?

एवढं करूनही मोडलंच तर माझ्यासारखं हॉटेलवर जाऊन झोपू नका. सामान हाती येताच, बाहेर पडण्याआधी पिशवी उघडा, प्रत्येक लांब क्लब काढून हेड हलकेच पिळून बघा. मानेशी करकर वाजलं किंवा बारीक तडा दिसला तर तो क्लब मारू नका, स्विंगमध्ये हेड सुटून कुणाला लागेल. मोडतोड दिसली की तिथल्याच बॅगेज काउंटरवर पीआयआर, म्हणजे सामानाच्या तक्रारीचा अहवाल नोंदवून त्याची प्रत घ्या. निघताना काढलेले फोटो इथे कामी येतात : क्लब एकेक, भरलेली पिशवी, बंद पिशवी, खरेदीच्या पावत्या.

आंतरराष्ट्रीय प्रवासाला सहसा १९९९चा माँट्रियल करार लागू होतो. त्यानुसार चेक-इन सामान मोडलं असेल तर ते हाती आल्यापासून ७ दिवसांत लेखी तक्रार जायला हवी. उशिरा मिळालं असेल तर मिळाल्यापासून २१ दिवस. काउंटरवर बोललो होतो, हे पुरत नाही. माझा ड्रायव्हर मी दुसऱ्या दिवशी पाहिला तरी लेखी तक्रार मुदतीत गेली म्हणून निदान दाद मागता आली. पैसे मात्र निम्म्यालाही पुरले नाहीत, कारण कंपनीने मऊ कव्हरकडे बोट दाखवलं. २८ डिसेंबर २०२४पासून कराराखालची कमाल भरपाई एका प्रवाशामागे १,५१९ एसडीआर आहे. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक. ही रक्कम तुमच्या सगळ्या सामानाची मिळून असते, नगामागे नाही. संच त्याहून किमती असेल तर चेक-इनच्या वेळी जादा शुल्क भरून सामानाची किंमत जाहीर करता येते. देशांतर्गत विमानाला त्या त्या देशाचे नियम असतात.

तर तुमच्यापुरतं सांगायचं तर मित्राचं कव्हर घ्या. फक्त आधी त्याची चेन दोनदा उघडून बंद करून बघा, चाकं हलवून बघा आणि आत मित्राचं जुनं नाव-पत्त्याचं कार्ड राहिलं असेल तर काढून आपलं घाला. आदल्या दिवशी दांड्यासकट सगळं भरा, पिशवी आडवी धरून हेडच्या टोकाला तळहाताने जोरात दाबा. हाताला टॉवेलातून दांडा लागला पाहिजे. हेड लागलं तर दांडा अजून एक-दोन इंच वर काढा.