लेझर घेण्याआधी थर्मामीटर घे

प्रिय बेटा,

एमएससीच्या प्रोजेक्टला फोटोअकॉस्टिक, म्हणजे उजेडाने आवाज काढून शरीराच्या आत बघायचं तंत्र, घेतेय हे वाचून बरं वाटलं. रात्री लाईट गेली की मोबाईलचा टॉर्च तळहाताखाली धरून बघ, पंजा लालभडक दिसतो पण हाड एकही दिसत नाही. उजेड आत जातो गं, पण जेमतेम मिलिमीटरभर सरळ, पुढे पार भरकटतो. आवाज त्या मानाने शेकडो पट कमी विखुरतो, म्हणून आत उजेड पाठवायचा आणि येताना आवाज ऐकायचा. लेझरचा काही नॅनोसेकंदांचा पल्स (झटका) रक्ताने शोषला की तिथे अंशाच्या हजाराव्या भागाएवढं तापमान वाढतं, तेवढ्यानेही ते फुगतं आणि अल्ट्रासाऊंड, म्हणजे कानाला न ऐकू येणारा आवाज, सुटतो. मूळ गोष्ट ग्रॅहम बेलने 1880 मध्येच पाहिलेली, तोच टेलिफोनवाला.

सोनोग्राफी मशीनच्या मागे मात्र लागू नको, गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या पीसीपीएनडीटी कायद्याखाली नोंदणी नसेल तर कोणी विकणारच नाही तुला. आवाज पकडणारा साधा एक ट्रान्सड्यूसर आणि सिग्नल पडद्यावर दाखवणारा ऑसिलोस्कोप पुरे. शरीराच्या जागी अगारच्या जेलीमध्ये थोडं दूध घालून ठोकळा पाड, आत रक्तवाहिनीच्या जागी पेन्सिलचं शिसं बसव, आणि ओतताना बुडबुडे राहू देऊ नको, एक बुडबुडा राहिला तरी त्याच्यामागचं काही ऐकू येत नाही.

आता आपला भुसावळचा मे महिना. 20 अंशाच्या पाण्यात आवाज सेकंदाला 1480 मीटर जातो, 40 ला 1530 च्या आसपास. कोडमध्ये पुस्तकातला आकडा टाकून बसलीस तर 10 सेंटीमीटरवरचं शिसं 3 मिलिमीटर सरकलेलं दिसेल. वरून गंमत म्हणजे त्याच पल्सला तापलेलं पाणी जवळपास दुप्पट जोरात वाजतं, मग सिग्नल सुधारला म्हणून नाचू नको, आधी थर्मामीटर बघ.

पण मला विचारशील तर प्रोजेक्ट त्वचेवर कर. सावळ्या कातडीतलं मेलॅनिन हे रंगद्रव्य वरच्या वरच उजेड खातं, आत कमी पोचतो, आणि वरचाच मोठा सिग्नल खालच्या रक्तवाहिनीला झाकतो. आपल्याकडे केळीच्या बागेत उन्हात राबलेल्या हातांवर हे मशीन चालणार नसेल तर काय उपयोग? ठोकळ्यावर काळ्या शाईचे फिके-गडद पातळ थर चढव आणि शिसं कितपत दिसतं ते मोज. लेझरची वेव्हलेंग्थ 1064 नॅनोमीटर असली तर मेलॅनिन कमी त्रास देतं, पण तो उजेड डोळ्याला दिसत नाही, त्यामुळे त्याच वेव्हलेंग्थचा गॉगल असल्याशिवाय लेझर चालू करायचा नाही, गाईड म्हणाले तरी नाही.

पहिले ग्राफ आले की पाठव, पाण्याचं तापमान लिहून. नसेल लिहिलेलं तर मी बघणार नाही.

तुझा सर