फौजेत असताना दूरस्थ एमबीए जमेल का? निवृत्तीनंतर चालेल का?

जमतं. मी इग्नूचं केलं. पदवीला ५० टक्के (राखीव गटाला ४५) हवेत. किमान २ वर्षं, पण ४ वर्षांपर्यंत मुदत मिळते, आणि आपल्याला तीच कामाची. मधेच बदली झाली, तर परीक्षेचा फॉर्म भरताना नवं केंद्र निवडता येतं. परीक्षा जून आणि डिसेंबरला. डिसेंबरचे पेपर आणि सुट्टी यांचा मेळ बसेलच असं नाही, हे धरून चाला. असाइनमेंट मी बराकीत रात्री, दिवे बंद व्हायच्या आत हातानेच लिहायचो.

चालण्याचं म्हणाल, तर यूजीसीने २०२२ मध्येच मान्यताप्राप्त दूरस्थ पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची ठरवली आहे. डीजीआरमार्फत (माजी सैनिकांच्या पुनर्वसनाचं सरकारी महासंचालनालय) आयआयएममध्ये होतो तो सहा महिन्यांचा कोर्स मात्र प्रमाणपत्राचा, पदवी नव्हे. त्यात गल्लत करू नका.