घरच्या राउटरवर पोर्ट फॉरवर्डिंग करणं खरंच धोक्याचं आहे का?

तुम्ही लिहिलंय की गावच्या घरातला सीसीटीव्ही पुण्यातून मोबाइलवर दिसावा म्हणून कॅमेरेवाल्याने राउटरमध्ये पोर्ट (बाहेरच्या कनेक्शनसाठीचं नंबर दिलेलं दार) फॉरवर्ड करून दिलाय. पासवर्डही बदललाय, मग भीती कसली?

भीती त्या पोर्टच्या मागे बसलेल्या डीव्हीआरची, म्हणजे कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणाऱ्या पेटीची. एरवी बाहेरून आपणहून आलेलं कनेक्शन राउटर आत सोडत नाही, कारण ते घरातल्या कुठल्या उपकरणाला द्यायचं हेच त्याला ठाऊक नसतं. फॉरवर्डिंग केलं की त्याला हुकूम मिळतो: येईल त्याला डीव्हीआरकडे धाड. त्यात तुम्ही आलात, तसा जगातला कोणीही आला.

मीही आईवडिलांच्या घरी हेच करून ठेवलं होतं. एकदा सहज डीव्हीआरचा लॉग, म्हणजे नोंदवही, उघडला, तर 'ॲडमिन' नावाने फसलेल्या लॉगिनची रांगच्या रांग. आमच्या ओसरीत बघण्यासारखं काय आहे, असं वाटलं. पण हल्लेखोरांना ओसरी नको असते, यंत्र हवं असतं. २०१६ मध्ये मिराई नावाचा मालवेअर साठेक ठरावीक युजरनेम-पासवर्ड घेऊन टेलनेटवरून (दुरून लॉगिन करायची जुनी, असुरक्षित सोय) असेच कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेत फिरला. त्या फौजेने २१ ऑक्टोबरला डाइन या डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणारी सेवा) कंपनीवर मारा केला आणि अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्स अडखळले. शिवाय डीव्हीआर हातात आला की घरातला लॅपटॉप त्याच नेटवर्कवर असतो, हे वेगळंच.

पासवर्ड बदललात ते बरं केलंत, पण पुरेसं नाही. २०२१ मध्ये हाइकव्हिजनच्या बऱ्याच कॅमेऱ्यांत अशी चूक सापडली की लॉगिन न करताच बाहेरून हुकूम चालवता येत होते. फर्मवेअर (उपकरणातलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट हाच उपाय, आणि एकदा भिंतीवर टांगलेल्या डीव्हीआरला अपडेट करतो कोण?

पोर्टचा नंबर ८० चा ४८०८० केला तरी लपत नाही. झेडमॅप हे टूल २०१३ पासून आहे; चांगल्या लाइनवर ते इंटरनेटवरचे आयपीव्ही४ चे (जुन्या, अजून सर्रास वापरातल्या पद्धतीचे) सगळे पत्ते एका पोर्टसाठी पाऊण तासात तपासतं. विंडोजचा रिमोट डेस्कटॉप, म्हणजे पोर्ट ३३८९, तर अजिबात उघडू नका.

मी आता घरी रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर वायरगार्ड ठेवलंय, म्हणजे बाहेरून घरच्या नेटवर्कमध्ये यायचा कुलूपबंद बोगदा (व्हीपीएन). त्यालाही एक यूडीपी पोर्ट उघडावा लागतो, पण योग्य डिजिटल किल्ली नसलेल्याला ते उत्तरच देत नाही. राउटरमधलं यूपीएनपी, म्हणजे उपकरणांना आपोआप पोर्ट उघडू देणारी सोय, तेही बंद करा, नाहीतर उपकरणं परस्पर दारं उघडतात.

आणि त्याआधी राउटरच्या सेटिंगच्या पानावर वॅन आयपी, म्हणजे राउटरला बाहेरून मिळालेला पत्ता, बघा. तो १००.६४ ते १००.१२७ मध्ये असेल तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात, म्हणजे ब्रॉडबँड कंपनीने अनेक ग्राहकांत एकच सार्वजनिक पत्ता वाटून दिलाय. आपल्याकडे बऱ्याच ब्रॉडबँडवर हेच असतं, तिथे आयपीव्ही४ चं फॉरवर्डिंग मुळात चालतच नाही. तेव्हा फॉरवर्डिंगचा नियम काढून टाका, मोबाइलचं वाय-फाय बंद करून कॅमेऱ्याचं ॲप उघडा. चित्र तरीही आलं, तर ते कॅमेरा कंपनीच्या सर्व्हरच्या मदतीने येतंय आणि कॅमेरेवाल्याने तो नियम उगाचच लिहिला होता.