चूक शब्दांची नव्हे, जागेची

प्रश्न : माझी मुलगी बारावीत आहे. ‘शी नॉट ओन्ली स्पीक्स मराठी बट ऑल्सो कन्नड’ हे तिचे वाक्य शिक्षकांनी चुकीचे ठरवले. अर्थ तर कळतो. मग चूक कोणती? – एक पालक, सोलापूर

उत्तर : ‘नॉट ओन्ली – बट ऑल्सो’, ‘आयदर – ऑर’, ‘नायदर – नॉर’, ‘बोथ – अँड’ ही उभयान्वयी अव्यये जोडीने येतात. जोडीतल्या पहिल्या अव्ययानंतर ज्या प्रकारचे पद येते, त्याच प्रकारचे पद दुसऱ्यानंतरही यावे, अशी लेखी इंग्रजीची अपेक्षा असते. आपल्या मुलीच्या वाक्यात ‘नॉट ओन्ली’नंतर ‘स्पीक्स’ हे क्रियापद आले आणि ‘बट ऑल्सो’नंतर मात्र ‘कन्नड’ हे नुसते नाम. ‘शी स्पीक्स नॉट ओन्ली मराठी बट ऑल्सो कन्नड’ असे लिहिले, की नामासमोर नाम येते. तिला दोन क्रियाच सांगायच्या असतील, तर ‘शी नॉट ओन्ली स्पीक्स कन्नड बट ऑल्सो राइट्स इट’ हेही तितकेच शुद्ध आहे.

ही चूक आपल्याकडे सहज होते, याचे एक कारण मला मराठीच्या घडणीत दिसते. ‘ती मराठीच नव्हे, तर कन्नडही बोलते’ या वाक्यात ‘च’ आणि ‘ही’ ज्या शब्दांना चिकटले आहेत, त्यांवरूनच जोडी कोणाची हे कळते आणि शेवटी येणारे एकच क्रियापद दोन्ही नामांना पुरते. इंग्रजीत क्रियापद कर्माच्या आधी येत असल्यामुळे ‘नॉट ओन्ली’ त्याच्या अलीकडे ठेवायचे की पलीकडे, हा निर्णय लिहिणाऱ्यालाच घ्यावा लागतो. बोलताना इंग्रजी मातृभाषा असलेली माणसेही याबाबत ढिलाई करतात. परीक्षेत किंवा नोकरीच्या अर्जात मात्र ती खटकते.

शब्दयोगी अव्ययांच्या बाबतीत विशेष जपावे. ‘आयदर इन पुणे ऑर नाशिक’ सदोष आहे. ‘इन आयदर पुणे ऑर नाशिक’ किंवा ‘आयदर इन पुणे ऑर इन नाशिक’ असे लिहावे. शंका आल्यास जोडीतल्या दोन्ही उभयान्वयी अव्ययांनंतरचे शब्द एकाखाली एक लिहून पाहण्यास मुलीला सांगा. प्रकारातला फरक लगेच दिसतो.

‘नॉट ओन्ली’ वाक्याच्या आरंभी आले, तर मात्र पहिल्या उपवाक्यात सहायक क्रियापद कर्त्याच्या आधी येते आणि दुसऱ्यात नेहमीचाच क्रम राहतो : ‘नॉट ओन्ली डिड शी सिंग, बट शी ऑल्सो डान्स्ड.’ येथे समांतरता दोन पूर्ण उपवाक्यांची असते, म्हणून ‘बट’नंतरचा ‘शी’ गाळू नये.