आधी बॅटरीची जागा ठरव, दिवे मागाहून

मला काका म्हणालास म्हणून सरळ अरे-तुरेवर येतो. तुझा प्रश्न मला कळला तो असा: थ्रीडी प्रिंट केलेलं २२ सेंटिमीटरचं अवकाशयान आहे, आतून पोकळ, अंगाला बारा खिडक्या, मागे दोन इंजिनं. बटणसेल घ्यावा की चार्ज होणारी बॅटरी, ते ठरत नाही. व्हिडिओत एलईडी थेट सेलला जोडतात तसं चालेल का, हेही विचारलंयस. आणि शेवटी जाता जाता, ‘दोन्ही अर्धे आता चिकटवून टाकू का?’

खरा प्रश्न हा शेवटचाच आहे. चिकटवू नकोस.

चार वर्षांपूर्वी मी चिकटवलं होतं. जुन्या ब्लूटूथ हेडफोनमधून काढलेली १५० एमएएचची (बॅटरीत किती वीज मावते त्याचं हे माप) लिथियम पॉलिमर बॅटरी, टीपी ४०५६ चा चार्जिंग बोर्ड, सगळं आत कोंबलं, सांधा सुपरग्लूने बंद केला, पुट्टी लावली, घासलं, रंगवलं. सांधा कुठे आहे ते मलाच सापडेना, इतकं सुबक. तीन आठवडे रोज संध्याकाळी दिवे लावून बघत बसायचो. मग एक दिवस पोटाखाली रंगाला केसाएवढी चीर दिसली. म्हटलं, पुट्टी सुकून आकसली असेल. आठवड्याने त्या चिरेत नख जायला लागलं. शेवटी करवतीच्या पात्याने यान कापलं, तर आत बॅटरी फुगून उशी झालेली. भोक पडलं असतं तर काय झालं असतं याचा विचार नंतर रात्रभर केला.

चूक बॅटरीची नव्हती, माझी होती. टीपी ४०५६ चा बोर्ड दुकानातून येतो तो १००० मिलिअँपिअरने चार्ज करायला लावलेला असतो. बॅटरी १५० ची, तिला झेपतो साधारण तेवढाच करंट, म्हणजे झेपेल त्याच्या सहा-सातपट करंट मी रोज तिच्यात ढकलत होतो. हा करंट बोर्डावरचा एक चिमुकला रेझिस्टर ठरवतो. त्यावर १२२ लिहिलेलं असतं, म्हणजे १.२ किलोओहम. तो काढून १० किलोओहमचा लावला, म्हणजे ज्यावर १०३ लिहिलेलं असतं तो, की करंट १३० च्या आसपास येतो. त्याच्या जोडीला २५० एमएएचची बॅटरी घे. तिच्यावर ५०२०३० असा आकडा असतो: जाडी ५ मिलिमीटर, रुंदी २०, लांबी ३०. तुझ्या यानाच्या पोटात ती आडवी सहज बसेल. रेझिस्टर बदलायला हात कापत असेल तर आपल्या नाशिकच्या महात्मा गांधी रोडला मोबाइल दुरुस्तीच्या कुठल्याही टेबलावर बोर्ड घेऊन जा. त्यांचं हे दोन मिनिटांचं काम आहे.

बोर्ड घेताना सहा टोकांचा घे, चार टोकांचा नको. सहावाल्यावर बॅटरी फार उतरू न देणारी आणि शॉर्ट झाल्यास तोडणारी चिप असते. दिवे त्याच्या ‘आउट’च्या टोकांवर जोडायचे. आणि चार्जिंग चालू असताना दिवे बंदच हवेत. त्या चिपला बॅटरी भरल्याचं कळतं ते करंट ठरवलेल्याच्या दहाव्या हिश्शावर उतरला की. आपल्या हिशेबाने १३ मिलिअँपिअर. तुझे दिवेच २५ पीत बसले तर तो करंट १३ वर येणारच कसा? चार्जिंग संपतच नाही. तेव्हा मध्ये एक छोटा सरकता स्विच टाक.

आता उघडण्याचं. पोटाखाली बॅटरीपेक्षा जरा मोठं झाकण ठेव आणि चार कोपऱ्यांत ५ मिलिमीटरचे निओडिमियम लोहचुंबक बसव. झाकणात बसवण्याआधी कुठली बाजू कुठे ते मार्करने खूण करून ठेव. माझं एक झाकण बसायच्या ऐवजी टुणकन उडी मारतं, अजून तसंच आहे. चुंबकालाच तार सोल्डर करून चार्जिंगचं टोक करायची कल्पना तुला सुचेल, सगळ्यांना सुचते. करू नकोस, सोल्डरिंगच्या उष्णतेने त्याचं चुंबकत्व जातं.

तरीही मी तुझ्या जागी असतो तर पहिल्या यानात लिथियम ठेवलंच नसतं. बॅटरी यानाखालच्या बैठकीत, म्हणजे स्टँडमध्ये ठेव. लाकडी ठोकळ्यात एएए आकाराचे तीन रिचार्जेबल सेल, निकेल मेटल हायड्राइडचे, प्रत्येकी १.२ व्होल्ट, मिळून ३.६. उतरले की काढायचे, घरातल्या साध्या चार्जरमध्ये टाकायचे. यान आणि बैठक यांच्यामध्ये दांडा लागतोच, तोच वायर म्हणून वापर. बुधवारच्या बाजारात गोदाकाठी जुन्या ट्रान्झिस्टरच्या ओढायच्या एरियल मिळतात, त्या बहुतेक पितळेच्या असतात, वरून नुसता क्रोमचा मुलामा. टोकाला मुलामा कानसने खरवडला की सोल्डर धरतो. नळी स्वतः निगेटिव्ह, आतून जाणारी तार पॉझिटिव्ह. बघणाऱ्याला एकही वायर दिसत नाही. यान हातात घेऊन उडवायचं असेल तरच बॅटरी पोटात घालायची.

बटणसेलचं थोडक्यात. सीआर २०३२ चार्ज होत नाही, करायलाही जाऊ नकोस. तसाच दिसणारा एलआयआर २०३२ चार्ज होतो, पण त्यात जेमतेम ४० एमएएच. दुपारी भरला, चहा होईपर्यंत गेला.

व्हिडिओत एलईडी थेट जोडलेला चालतो, कारण सीआर २०३२ स्वतःच अशक्त. त्याच्या पोटातला रोध जास्त, तो करंट वाढूच देत नाही. लिथियम बॅटरी तशी नाही. भरलेली असते तेव्हा ४.२ व्होल्ट, आणि पांढऱ्या एलईडीला हवेत तीनच्या आसपास. हा पांढरा म्हणजे मुळात निळा एलईडी, वर पिवळसर फॉस्फरचा लेप, म्हणून त्याला लालपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं. उरलेले १.२ व्होल्ट रेझिस्टरने खायचे. ५ मिलिअँपिअर धरले तर २४० ओहम येतात, दुकानात २७० चा माग. एलईडीवर २० मिलिअँपिअर लिहिलेले असतात, ते विसर. दोन-तीन मिलिअँपिअरमध्ये एवढ्या लहान यानाला पुरून उरतो. लाल एलईडीला दोन व्होल्टच लागतात आणि तो डोळ्यात खुपतो, त्याला सरळ एक किलोओहम लाव. आणि प्रत्येक एलईडीला आपापला रेझिस्टर. एकाच रेझिस्टरवर लाल आणि पांढरा शेजारी जोडलास तर लाल सगळं पितो, पांढरा उपाशी.

बारा खिडक्यांना बारा एलईडी लावायची हौस आवर. तीन पुरतात. आतल्या पोकळीत पांढरा कागद अस्तरासारखा लावायचा, एलईडी खिडकीकडे न रोखता त्या कागदावर रोखायचे, उजेड सगळीकडे सारखा पसरतो. इंजिनांसाठी दिवाळीतल्या बॅटरीच्या पणत्या असतील तर शोध. त्यातला लुकलुकणारा एलईडी काढून घ्यायचा, लुकलुकायची चिप त्याच्याच आत असते. मात्र पणतीत त्याला बटणसेल असतो, त्यामुळे रेझिस्टर बहुधा नसतोच, तो तू घालायचा. गणपतीच्या आराशीतली बॅटरीवरची तांब्याच्या तारेची माळही चालते. तिच्यातले दिवे समांतर असतात, हवी तेवढी कापून घे, फक्त कापलेली टोकं एकमेकांना लागू देऊ नकोस.

तार जाडी नको. प्लॅस्टिकची वायर यानात घातलीस की झाकण बसत नाही. सातपूर-अंबडकडे मोटर वाइंडिंगच्या दुकानात ३८ गेजची तार माग, उरलेली रिळं पडलेली असतात. तिच्यावर इनॅमल, म्हणजे वीज अडवणारा पातळ लेप असतो, टोकाला ब्लेडने हळूच खरवड, मगच सोल्डर धरतो. न खरवडता सोल्डर केलेलं दिसतं छान, पण लागत नाही, आणि माणूस तासभर एलईडीला दोष देत बसतो. बारीक चिमटा सराफ बाजारातून, सोनारकामाचा घे. सुट्या भागांच्या दुकानातला चिमटा टोकाला जुळतच नाही.

आणि हे सगळं करण्याआधी यान आतून काळं रंगव, काळ्यावर पांढरा. प्रिंटचं प्लॅस्टिक पातळ असतं. रंग न देता दिवा लावलास तर खिडक्या दिसत नाहीत, अख्खं अंगच उजळतं. मग ते यान नाही, आकाशकंदील. अंधाऱ्या खोलीत दिवा लावून सांध्यावरून नजर फिरव, जिथून गळतंय तिथे आतून काळी पुट्टी. चार्जिंग बोर्डावरचा लाल दिवाही झाक. माझ्याकडे एकदा पाहुणे त्यालाच इंजिन समजले, मी काही बोललो नाही.

सुईच्या टोकाएवढे दिवे हवे असतील तर ऑप्टिकल फायबर (उजेड वाहून नेणारा प्लॅस्टिकचा धागा), पाव मिलिमीटरचं. त्याला सुपरग्लू लावू नकोस, ठिसूळ होऊन तुटतं. फेविकॉल पुरतो, सुकायला रात्र जाऊ दे. टोक बाहेरून जरा लांब ठेव, तापलेली सोल्डरगन लांबूनच दाखव, टोकाला गोल मणी तयार होतो आणि उजेड बाजूलाही फाकतो.

पंखांवर दिशादर्शक दिवे लावणार असशील तर डावीकडे लाल, उजवीकडे हिरवा, शेपटीला पांढरा. डावं म्हणजे चालकाचं डावं. मी समोरून बघत लावले होते. ओझरच्या एचएएलमधून, म्हणजे विमानांच्या कारखान्यातून निवृत्त झालेले शेजारी आले, यान हातात घेतलं, उलटंसुलटं केलं आणि विचारलं, ‘हे रिव्हर्समध्ये उडतं का?’

बॅटरी पोटातच ठेवायची ठरवलीस तर दोन गोष्टी पाळ. चार्जिंगला लावून झोपायचं नाही, यान फरशीवर ठेवायचं, गादीवर नाही. मे महिन्यात पश्चिमेच्या खिडकीत काचेच्या कपाटात ते ठेवायचं नाही. आणि फुगलेली दिसली तर टोचून बघू नकोस, घंटागाडीतही टाकू नकोस, ई-कचरा घेणाऱ्याकडे दे.

आता मला एवढं सांग: प्रिंटची भिंत किती मिलिमीटरची आहे, आणि दोन अर्ध्यांचा सांधा आडवा आहे की उभा? उभा असेल तर पोटाचं झाकण सांध्याच्या मधोमध येतं, चुंबकांची जागा बदलावी लागेल. फोटो खालून काढ.