पहिल्या पट्ट्या काढताना

तुझ्या विनोदी चित्रपट्ट्या (कॉमिक स्ट्रिप) पाहिल्या. रेषेत जान आहे, पण चौकटीत गर्दी फार. सध्या एवढंच सांभाळ:

- आधी संवाद लिही, मग चित्र काढ. नाहीतर संवादाच्या फुग्यात अक्षरं चेंगरतात. माझी पहिले सहा महिने हीच रड होती.
- शेवटच्या चौकटीत विनोद समजावू नकोस. व्यंगचित्रकार शि. द. फडणीस तर शब्दांवाचून हसवतात!
- रोज नवी पात्रं नकोत. १९९१मध्ये ‘सकाळ’मध्ये सुरू झालेला पंडित-वाडेकरांचा ‘चिंटू’ बघ. पप्पू, मिनी, बगळ्या एकदा ओळखीचे झाले की नुसत्या चेहऱ्यावरही हसू येतं.

टॅब्लेट, छटा, रंग सगळं नंतर. आधी काळ्या पेनाने दहा पट्ट्या काढून दाखव.